धनंजयराव गाडगीळ : लांब पल्ल्याचा हिशेब

मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या उमरगा तालुक्यात मुरुम हे बाजारपेठेचे गाव आहे. येथील बाजार समितीत तुरीचे सौदे होतात आणि परिसरातील ऊस विठ्ठलसाई सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीत जातो. ऊस पिकवणाऱ्यांनीच भाग घेऊन कारखाना काढावा, त्यांनीच संचालक निवडावेत आणि गाळपाच्या पैशातून काही रक्कम दरवर्षी कापून घेऊन भांडवल उभारावे, ही रीत महाराष्ट्रात इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी विचारपूर्वक घडवली असेल, हे सहसा ध्यानातही येत नाही. ती घडवणाऱ्यांत प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांइतकाच पुण्यातील एका अर्थशास्त्रज्ञाचा वाटा होता. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे त्यांचे नाव. त्यांच्या उमेदीच्या काळात मुरुम निजामाच्या राज्यात होते आणि साखर कारखान्याची कल्पनाही त्या गावाला शिवलेली नव्हती.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात झाले आणि पुढे ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला. तो १९२४ साली ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स’ या नावाने ग्रंथरूपात आला, तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. हा ग्रंथ पुढे अर्धशतकभर विद्यापीठांत वाचला गेला. त्यात दुष्काळ, रेल्वे, हातमागाचा ऱ्हास, शहरांची वाढ आणि शेतमालाचे व्यापारीकरण यांचा एकत्र विचार होता. एखाद्या वर्षाच्या आयात-निर्यातीच्या आकड्यांवरून देशाची प्रकृती ठरवू नये, ती ठरवायची तर दोन-तीन पिढ्यांचा आलेख मांडावा लागतो, ही दृष्टी त्या पहिल्याच पुस्तकात दिसते.

त्या काळी केंब्रिजच्या अर्थशास्त्रावर जॉन मेनार्ड केन्स यांची छाप पडू लागली होती. बाजारपेठ दीर्घकाळात आपोआप सावरते, या जुन्या पंडितांच्या दिलाशाची केन्स यांनी १९२३ साली खिल्ली उडवली आणि सरकारने आजच्या संकटाकडे आजच पाहिले पाहिजे, असे बजावले. श्रीमंत देशातील चलनाच्या प्रश्नापुरते ते रास्तच होते. मात्र जेथे दर काही वर्षांनी पाऊस दगा देतो आणि माणसाचे कर्ज मुलाच्या नावावर चढते, तेथे आजचे संकट हेच कित्येकदा कालच्या हलगर्जीपणाचे फळ असते. अशा देशात अल्पकाळ आणि दीर्घकाळ यांची सरळ वाटणी करता येत नाही. गाडगीळांचे सारे पुढील आयुष्य या गुंत्याशी झगडण्यात गेले.

स्वदेशी परतल्यावर काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात आणि पुढे सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपद, एवढी नोकरी त्यांनी केली. १९३० साली साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. १९६६ पर्यंत, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षे, ते त्या पदावर राहिले. त्यांनी संस्थेला लावलेले वळण त्या काळी अनोखे होते. ग्रंथालयात बसून सिद्धान्त कुटण्यापेक्षा पुण्याच्या मंडईत फळे कोठून येतात, वाई तालुक्यातील शेतकऱ्याला शेतीतून नेमके काय सुटते, मोटार सर्व्हिस कशा चालतात, पुणे शहरातील कुटुंबे कशावर जगतात, याची घरोघर आणि गावोगाव जाऊन पाहणी करायची, हा त्यांचा परिपाठ होता. या पाहण्या वाचायला रुक्ष आहेत. तक्त्यांमागून तक्ते येतात. पण सरकारी खात्यांना ठाऊक नसलेली माहिती त्यांत होती आणि त्या माहितीच्या जोरावर सरकारशी वाद घालता येत होता.

अशा पाहण्यांतील सर्वांत महत्त्वाची पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. तिचा विषय होता गोदावरी आणि प्रवरा या कालव्यांचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ. या पाहणीचे महत्त्व कळण्यासाठी इंग्रजी अमदानीतील पाटबंधाऱ्यांचा हिशेब समजून घ्यावा लागतो. सरकार दोन प्रकारचे कालवे काढी. जो कालवा पाणीपट्टीतून ठरावीक मुदतीत भांडवलावरील व्याज फेडील तो ‘उत्पादक’, आणि तसे न करता केवळ दुष्काळ हटवण्यासाठी काढावा लागे तो ‘संरक्षक’. पंजाबातील बहुतेक कालवे पहिल्या वर्गात मोडत. दख्खनच्या पठारावर धरण बांधणे खर्चाचे, जमीन उंचसखल, आणि बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरीला पाणी घ्यायला शेतकरी तयार नसे. त्यामुळे येथील कालवे खात्याच्या वहीत कायम तोट्यात दिसत. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण देशातील उंच धरणांपैकी एक होते. तरीही कोशागाराच्या दृष्टीने तो आतबट्ट्याचाच व्यवहार होता.

हा तोटा भरून काढण्यासाठी सरकारने जो मार्ग धरला, त्याचे परिणाम नगर जिल्ह्याला पुढे अनेक दशके भोगावे लागले. पाण्याला बारमाही गिऱ्हाईक हवे म्हणून उसाला उत्तेजन मिळाले. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर सुचवलेल्या ब्लॉक पद्धतीत उसाला जमिनीचा ठरावीक हिस्साच द्यायचा, बाकीच्या हिश्श्यावर हंगामी पिकांना पाणी द्यायचे, असा शहाणपणाचा तोल होता. पण पाणीपट्टीचा आकडा वाढवायची घाई झाली की असा तोल टिकत नाही. कालव्याखालील सलग जमिनी शेतकऱ्यांकडून खंडाने खाजगी साखर कंपन्यांच्या ताब्यात गेल्या. त्यातून उद्भवलेला खंडकऱ्यांचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर शेती महामंडळाच्या मार्गाने फिरत फिरत एकविसाव्या शतकापर्यंत येऊन पोहोचला. खात्याची शिल्लक नीट दिसावी म्हणून केलेल्या सोयीची किंमत शेतकऱ्यांच्या तीन पिढ्यांनी चुकती केली.

गाडगीळांनी हिशेबाची चौकटच बदलली. कालव्याने पाणीपट्टी किती आणली, एवढाच प्रश्न विचारणे त्यांना मान्य नव्हते. भिजलेल्या जमिनीचे उत्पन्न किती वाढले, मजुराला किती दिवस काम मिळाले, गुऱ्हाळे, कारखाने, वाहतूक आणि बाजारपेठा यांत किती उलाढाल झाली, या सगळ्याची मोजदाद त्यांनी करवून घेतली. सरकारी तिजोरीला तोट्याचे असलेले काम समाजाला फायद्याचे असू शकते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. सार्वजनिक प्रकल्पांच्या लाभ-व्ययाचे शास्त्र पुढे जगभर विकसित झाले. भारतातील त्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या पाहणीची गणना होते. आज कोणताही धरण प्रकल्प मंजुरीसाठी जातो तेव्हा लाभांचे तक्ते जोडलेले असतात. ते तक्ते फुगवले जातात, अशी रास्त तक्रारही होते. पण मुळात ते मागितले जातात, यामागे अशा अभ्यासांची परंपरा आहे.

कालव्याच्या लाभाचे मोठे वाटेकरी व्यापारी आणि खाजगी कारखानदार आहेत, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. नगर जिल्ह्यातील बागायतदार गूळ तयार करीत आणि अडत्याकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असल्यामुळे मिळेल त्या भावाने तो विकत. चार महिन्यांची निकड वर्षाच्या मेहनतीचा मोबदला ठरवी. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूर येथे भरलेल्या बागायतदारांच्या परिषदेचे अध्यक्षपद गाडगीळांकडे होते. शेतकऱ्यांनी स्वतःच साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे मूळ धरू लागला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करीत होते. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता सहकार व अर्थ खाते सांभाळत होते. आणि शहरी अर्थशास्त्रज्ञ व अल्पशिक्षित शेतकरी पुढारी यांची ही जोडी दोन्ही बाजूंनी तितकीच हट्टी होती. १९५० साल संपता संपता प्रवरेच्या कारखान्यातून साखरेचे पहिले पोते बाहेर पडले. पहिली काही वर्षे कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांकडेच होते.

पुढे सहकारी कारखान्यांत रुजलेली बिनपरतीच्या ठेवीची पद्धत फारशी चर्चिली जात नाही, परंतु या साऱ्या प्रयोगाचा कणा तीच होती. उसाच्या प्रत्येक टनामागे थोडी रक्कम कापून घ्यायची आणि ती सभासदाच्या नावे कारखान्यात ठेवायची. हातात येणारा भाव तेवढा कमी होतो, म्हणून सभासद कुरकुरतो. पण त्याच पैशातून कर्ज फिटते, यंत्रे वाढतात, उपसा योजना, शाळा आणि दवाखाने निघतात. गरीब माणूस भविष्यासाठी बचत करू शकत नाही, असे पुस्तकी अर्थशास्त्र मानत आले. बचत त्याच्या इच्छाशक्तीवर न सोडता काट्यावरच कापली गेली, आणि ती कोणी कापायची हे ठरवण्याचा अधिकार त्याला मतपेटीतून मिळाला, तर तो बचत करतो, असे महाराष्ट्रात सिद्ध झाले. त्या मतपेटीचे पुढे काय झाले, हा स्वतंत्र आणि कमी सुखद विषय आहे.

गाडगीळांना सदैव उद्याचा विचार करणारा आणि आजच्या भुकेकडे काणाडोळा करणारा योजनाकार मानणे मात्र चूक ठरेल. १९४७ सालचा प्रसंग त्याची साक्ष देतो. युद्धकाळात धान्य, कापड, साखर यांवर नियंत्रणे आली होती. स्वातंत्र्याच्या वर्षी नेमलेल्या वस्तुमूल्य मंडळावर सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला यांच्यासमवेत गाडगीळ होते. टंचाई कायम असताना नियंत्रणे उठवली तर साठेबाजांचे फावेल आणि भाववाढीचा बोजा पगारदार, मजूर व अल्पभूधारक यांच्यावर पडेल, असे या मंडळाचे मत होते. उलट बाजूला महात्मा गांधी होते. नियंत्रणांमुळे लाचलुचपत माजते आणि लोक परावलंबी होतात, हा गांधीजींचा आक्षेप पोकळ नव्हता. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही तो पटण्यासारखा होता. १९४७ च्या डिसेंबरात सरकारने नियंत्रणे शिथिल करण्यास सुरुवात केली. घाऊक किंमतींचा निर्देशांक, १९३९ चा पाया शंभर धरता, नोव्हेंबर १९४७ मध्ये ३०२ च्या आसपास होता. जुलै १९४८ मध्ये तो ३९० च्या घरात गेला. वर्ष संपण्यापूर्वी नियंत्रणे पुन्हा लागू करावी लागली.

या वादात भूमिका उलट्या झालेल्या दिसतात. समाजाच्या दीर्घकालीन नैतिक आरोग्याचा विचार गांधीजी करीत होते आणि येत्या सहा महिन्यांत चुलीवर काय शिजेल, याचा विचार अर्थशास्त्रज्ञ करीत होता. गाडगीळांच्या मते लांबचा पल्ला गाठायचा असेल तर मधल्या काळात गरिबाच्या घरातली भाकरी महाग होऊ देता कामा नये. ती महाग झाली की लोकांचा योजनेवरचा विश्वास उडतो आणि योजना कागदावर राहते. पुढे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात तुटीच्या अर्थभरण्यावर आणि किंमतविषयक धोरणाच्या अभावावर त्यांनी जी टीका केली, तिचे मूळ याच अनुभवात होते. पोलाद कारखान्यांना त्यांचा विरोध नव्हता. कारखाना उभा राहीपर्यंत धान्याचा भाव कोण सांभाळणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि दिल्लीतील उत्साही मंडळींना तो अडचणीचा वाटे.

शेतकऱ्याच्या कर्जाबाबत त्यांनी जे केले, त्यात ही दोन टोके सर्वांत नेटकेपणाने जुळली. १९४५ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील शेतीवित्तविषयक समितीने शेतकऱ्यांच्या जुन्या कर्जाची सक्तीने तडजोड करावी, फेडण्याच्या ऐपतीइतकेच ते उरवावे, अशी शिफारस केली. म्हणजे कर्जातून सोडवणूक त्यांना वर्ज्य नव्हती. परंतु ती एकदाच करायची आणि तिच्या पाठोपाठ नव्या पतपुरवठ्याची कायम व्यवस्था उभी करायची, असे ते दुहेरी काम होते. नुसती पाटी कोरी केली आणि पेरणीच्या वेळी बियाण्याला पैसे कोठून आणायचे ते सांगितले नाही, तर शेतकरी पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर जातो. २००८ सालची केंद्राची कर्जमाफी आणि राज्याच्या २०१७ व २०१९ सालच्या कर्जमुक्तीच्या योजना पाहता, या शिफारशीचा पहिला भाग सरकारांनी आवडीने उचलला आणि दुसरा सोयीस्करपणे विसरला, असे म्हणण्यास जागा आहे.

रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये करवलेली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हे त्यापुढील पाऊल होते. पंच्याहत्तर जिल्ह्यांतील सहाशे गावे त्यासाठी निवडली होती. मार्गदर्शक समितीचे अध्यक्ष पुन्हा गोरवालाच होते आणि गाडगीळ हे तिचे सदस्य. १९५४ च्या अहवालातील एक आकडा पुढे सतत सांगितला गेला : शेतकरी घेत असलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता, व्यापारी बँकांचा त्याहूनही कमी, आणि सावकारांचा मात्र सुमारे ७० टक्के. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ सालचा. पन्नास वर्षांच्या चळवळीचे फळ एवढे किरकोळ निघाल्यावर चळवळ गुंडाळावी, असेही कोणी म्हटले असते. समितीने उलट निष्कर्ष काढला. गावातील सहकारी संस्था दुबळी आहे कारण ती एकटी आहे. तिला सरकारची भागीदारी, विक्री आणि प्रक्रिया यांची जोड, गोदामे आणि गावापर्यंत पोहोचणारी मोठी बँक यांचा आधार हवा. या शिफारशींतून १९५५ साली इंपीरियल बँकेचे भारतीय स्टेट बँकेत रूपांतर झाले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोलाची होती कर्जाच्या मुदतींची व्यवस्था. पेरणीसाठी अल्पमुदतीचे पीककर्ज, बैलजोडी व अवजारांसाठी मध्यम मुदतीचे, विहीर आणि जमीनसुधारणेसाठी दीर्घ मुदतीचे. पीककर्ज जमिनीच्या गहाणावर न देता उभ्या पिकाच्या भरवशावर द्यायचे आणि विक्रीच्या वेळी वसूल करायचे, हे त्यातले नवे सूत्र होते. जमीन नावावर किती, यापेक्षा तीत काय पेरले आहे, याला महत्त्व आले. आणि पाऊस आलाच नाही तर? त्यासाठी रिझर्व्ह बँकेत स्थैर्य निधी निर्माण करण्यात आला. दुष्काळाच्या वर्षी थकलेले पीककर्ज मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतरित करायचे, जिल्हा बँकेला तो बोजा पेलण्यासाठी या निधीतून पैसे द्यायचे आणि शेतकऱ्याला पुढच्या हंगामासाठी नवे कर्ज मोकळे ठेवायचे. मुरुमच्या आसपासच्या कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्याला दर चार-पाच वर्षांनी एक हंगाम हातचा जाणार हे आधीच ठाऊक असते, या एका तरतुदीचे महत्त्व मोठ्या घोषणांपेक्षा अधिक. एका वाईट वर्षाने दहा बऱ्या वर्षांची कमाई नेऊ नये, एवढाच तिचा उद्देश.

या व्यवस्था मराठवाड्यात उशिरा आल्या. निजामाच्या राज्याचे विलीनीकरण सप्टेंबर १९४८ मध्ये झाले, उस्मानाबाद जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पश्चिम महाराष्ट्रात तोवर कालवे, बँका आणि सहकारी संस्था यांची एक पिढी उलटून गेली होती. प्रवरेचा साचा मात्र नंतर तसाच्या तसा येथे उतरवला गेला. त्यातच एक मोठी विसंगती आहे. प्रवरेच्या कारखान्यामागे भंडारदऱ्याचे पाणी होते; मुरुमच्या मागे तसे मोठे धरण नाही. येथील ऊस प्रामुख्याने विहिरी, विंधन विहिरी आणि लहान-मध्यम तलाव यांच्या पाण्यावर उभा राहतो. महाराष्ट्रात ऊस लागवडीखालील जमिनीचा अगदी लहान हिस्सा व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पितो, हे आता सर्वमान्य आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच पट्ट्यात उसाच्या मोळ्या बांधल्या जात होत्या.

यात मुरुमच्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, ठरलेले गिऱ्हाईक आहे, आणि गारपीट झाली तरी ऊस तग धरतो. तुरीचा हमीभाव जाहीर होतो. खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची हमी नसते. तूर जमिनीला नत्र देते, कमी पाण्यात येते आणि देशाला परदेशातून डाळ आणावी लागते. एवढे सगळे तिच्या बाजूने असूनही शेतकऱ्याच्या वर्षाच्या हिशेबात ती हरते. गाडगीळांच्या १९४८ च्या पाहणीने कालव्याच्या खात्यात मजुराचा रोजगार आणि बाजारपेठेची उलाढाल धरली. भूगर्भातील पाण्याची शिल्लक धरण्याची वेळ तेव्हा आलेली नव्हती. त्यांची पद्धत आज कोणी मुरुमच्या उसाला लावली, तर तो रकाना भरावा लागेल. योगायोग असा की पश्चिम घाटाविषयीचा २०११ चा अहवाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे धनंजयरावांचेच पुत्र. वडिलांच्या ताळेबंदात जे रकाने राहून गेले होते, ते मुलाने मांडले, असे म्हटले तर फार वावगे होऊ नये.

संस्थेतून निवृत्त झाल्यावर गाडगीळ राज्यसभेचे नियुक्त सदस्य आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६७ च्या सप्टेंबरात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. नियोजनाची तेव्हा पार रया गेली होती. १९६५ चे युद्ध, लागोपाठ दोन वर्षांचा दुष्काळ, अमेरिकी गव्हावरचे अवलंबन आणि जून १९६६ मधले रुपयाचे अवमूल्यन यांनी चौथ्या योजनेचा पहिला मसुदा रद्दीत गेला होता. तीन वर्षे एकेका वर्षाच्या योजनांवर कारभार चालला. वृत्तपत्रांनी त्याला योजनांची सुट्टी म्हटले. नव्या उपाध्यक्षाने ताबडतोब भव्य योजना जाहीर करावी, अशी अपेक्षा होती. गाडगीळांनी घाई केली नाही. पायाभूत आकडेच भरवशाचे नसतील तर पाच वर्षांचे मनोरे रचण्यात अर्थ नाही, असे मानून त्यांनी चौथी योजना एप्रिल १९६९ पासून सुरू केली. धान्याचा राखीव साठा आणि किंमतींचे स्थैर्य यांना तीत मानाचे स्थान होते. १९४७ चा धडा ते विसरले नव्हते. योजनेने ५.७ टक्के वाढीचे उद्दिष्ट ठेवले होते; प्रत्यक्षात ३.३ टक्केच साधली. मधल्या काळात बांगलादेशचे युद्ध, १९७२ चा दुष्काळ आणि तेलाची दरवाढ आली.

त्यांचे नाव प्रशासनात टिकून राहिले ते मात्र योजनेमुळे नव्हे, तर राज्यांना द्यावयाच्या केंद्रीय साहाय्याच्या सूत्रामुळे. त्याआधी कोणत्या राज्याला किती पैसा मिळणार, हे बरेचसे योजनावार वाटाघाटींवर आणि दिल्लीतील वजनावर अवलंबून असे. मुख्यमंत्र्याला पुढच्या वर्षी किती मिळेल हेच माहीत नसेल, तर पंधरा वर्षे चालणारे धरण तो कोणत्या धीराने हाती घेणार? राष्ट्रीय विकास परिषदेने १९६९ साली मान्य केलेल्या गाडगीळ सूत्रात आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी भागवून उरलेल्या साहाय्यापैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार वाटले जाई. राष्ट्रीय सरासरीहून दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना १० टक्के, करवसुलीच्या प्रयत्नांसाठी १०, राज्यांच्या विशेष अडचणींसाठी १० आणि चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी १० टक्के. रक्कम ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान अशा रूपात मिळे. सूत्र साधे होते, कोणालाही पाठ करता येईल इतके. कोणतेही राज्य त्यावर पूर्ण खूष नव्हते आणि बहुतेक सर्वांना ते पाळता आले, यातच त्याचे यश होते.

सूत्र राज्याच्या सीमेपाशी थांबते, ही त्याची मर्यादा. महाराष्ट्राला मिळालेला पैसा मराठवाड्याच्या कोरड्या तालुक्यात किती पोहोचतो, हे ते सांगत नाही. त्या प्रश्नाला पुढे गाडगीळांच्याच संस्थेतील त्यांचे उत्तराधिकारी वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने हात घातला आणि १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला. सिंचनाचा वाटा त्यात मोठा होता.

जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी शहरात एकमेकींशी स्पर्धा करण्याऐवजी एकेक क्षेत्र पत्करून तेथील पतपुरवठ्याचा आराखडा करावा, असे सुचवले. त्यातून अग्रणी बँक योजना निघाली आणि प्रत्येक जिल्ह्याला एक जबाबदार बँक मिळाली. राजकारणाचा वेग मात्र आता वेगळा झाला होता. काँग्रेस फुटली होती, मुदतपूर्व निवडणुकीचे वारे वाहत होते आणि गरिबी हटवण्याची घोषणा दाराशी आली होती. आकडे जुळल्याशिवाय सही न करणारा उपाध्यक्ष अशा दिवसांत अडगळ ठरतो. १९७० च्या सप्टेंबरात गाडगीळांनी पद सोडले. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सूत्राला १९८० साली पहिली कात्री लागली. दरडोई उत्पन्नाचा वाटा १० वरून २० टक्के करण्यात आला, आणि त्यासाठी जागा करायची म्हणून चालू असलेल्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांचा १० टक्क्यांचा भाग वगळण्यात आला. १९९१ साली त्यात आणखी फेरफार झाले. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला आणि २०१७-१८ पासून केंद्राच्या अंदाजपत्रकातील योजना आणि योजनेतर असा भेदही संपला.